शोप्रोनची वनशाळा आणि हंगेरीचे निर्वासित : १९५६च्या उठावाच्या गौरवाचा एक प्रकरण अभ्यास

२३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टमध्ये सुरू झालेला हंगेरियन जनतेचा उठाव ४ नोव्हेंबरला शहरात शिरलेल्या सोव्हिएत रणगाड्यांनी मोडून काढला. सुमारे अडीच हजार हंगेरियन आणि सातशेच्या आसपास सोव्हिएत सैनिक मारले गेले, आणि पुढच्या काही महिन्यांत जवळपास दोन लाख माणसे देश सोडून गेली. त्या वेळी हंगेरीची लोकसंख्या एक कोटीच्याही थोडी आतच असल्यामुळे हे प्रमाण दर पन्नास माणसांमागे एक असे पडते. लष्करी दृष्टीने हरलेल्या या उठावाचा गौरव आज हंगेरीत राष्ट्रीय सुटी देऊन होतो आणि अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रिया या देशांत ठराव, स्मारके व समारंभ यांतून होतो. परदेशातील गौरवात एक वाक्य हमखास असते, ते म्हणजे या निर्वासितांनी आम्हांला किती दिले. ते वाक्य खरे आहे. पण निर्वासितांना ते देणे शक्य कशामुळे झाले हा प्रश्न त्यात सहसा नसतो, आणि प्रस्तुत अभ्यासाचा रोख त्याच प्रश्नावर आहे; त्यासाठी मुख्य उदाहरण घेतले आहे ते सीमेवरील शोप्रोन शहरातील वनशास्त्र महाविद्यालयाचे.

उठावापर्यंतचा मार्ग

दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरीत सोव्हिएत सैन्य राहिले आणि त्याच्या छायेत १९४८पर्यंत मात्याश राकोशी यांच्या कम्युनिस्ट पक्षाने सर्व सत्ता हाती घेतली. 'आव्हो' या नावाने लोक ज्यांना ओळखत असत त्या गुप्त पोलिसांची दहशत, शेतकऱ्यांवरची सक्तीची धान्यवसुली, कारखान्यांत सतत वाढत जाणारे कामाचे सक्तीचे कोटे आणि बनावट खटले ही त्या राजवटीची ओळख होती. स्वतः कम्युनिस्ट असलेले माजी गृहमंत्री लास्लो रायक यांनाही १९४९मध्ये अशाच एका खटल्यानंतर फाशी देण्यात आले. स्टालिनच्या मृत्यूनंतर हवा बदलली, रायक निर्दोष ठरले आणि ६ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांचे पुन्हा, या वेळी सन्मानाने, दफन झाले. त्या अंत्ययात्रेला लाखभर लोक लोटले. मृतांचा सन्मान करण्याच्या निमित्ताने एकत्र आलेल्या लोकांना आपण किती आहोत हे त्या दिवशी प्रथमच दिसले, आणि पुढचे अडीच आठवडे त्या दिवसाशिवाय नीट समजत नाहीत.

२२ ऑक्टोबरला बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठातील विद्यार्थ्यांनी सोळा मागण्यांची यादी तयार केली. तिच्यात सोव्हिएत सैन्याची माघार, सुधारणावादी कम्युनिस्ट नेते इम्रे नॉज यांचे पंतप्रधानपद, खुल्या निवडणुका आणि स्टालिनचा पुतळा हटविणे या मागण्या होत्या. दुसऱ्या दिवशी पोलंडमधील सुधारणांना पाठिंबा म्हणून निघालेला मोर्चा संध्याकाळपर्यंत लाखोंचा झाला. स्टालिनचा ब्राँझचा पुतळा लोकांनी पाडला आणि चौथऱ्यावर फक्त त्याचे बूट उरले. मागण्या वाचून दाखविण्यास नकार देणाऱ्या आकाशवाणी केंद्रासमोर गोळीबार झाला आणि निदर्शनाचे रूपांतर लढाईत झाले. कॉर्विन गल्लीसारख्या ठिकाणी रणगाड्यांवर पेट्रोलच्या पेटत्या बाटल्या फेकणारी मुले बहुतांशी तरुण कामगार होती. उठाव विद्यार्थ्यांनी सुरू केला आणि कामगारांनी लढविला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्याला हीच गोष्ट सर्वांत अवघड गेली.

नॉज पंतप्रधान झाले, बहुपक्षीय सरकार आले आणि १ नोव्हेंबरला हंगेरीने सोव्हिएत गोटाच्या वॉर्सा लष्करी करारातून बाहेर पडून तटस्थता जाहीर केली. मॉस्कोने आदल्याच दिवशी माघारीचा विचार सोडून पूर्ण बळ वापरण्याचे ठरविले होते. सोव्हिएत सेनाधिकाऱ्यांशी वाटाघाटीला गेलेले संरक्षणमंत्री पाल मालेतेर यांना ३ नोव्हेंबरच्या रात्री वाटाघाटीच्या टेबलावरच अटक झाली. त्याच दिवसांत ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल सुएझ कालव्यावरून इजिप्तवर केलेल्या हल्ल्यात गुंतलेले होते. पाश्चात्त्य प्रसारणांनी हंगेरियनांच्या मनात मदतीची आशा जागविली होती; मदत मात्र आली नाही. पश्चिमेने नंतर निर्वासितांसाठी जे केले त्यात या अपराधभावनेचा वाटा मोठा होता, आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

एका सरहद्दीचा योगायोग

माणसे एवढ्या संख्येने बाहेर पडू शकली यामागे दोन अगदी प्रापंचिक कारणे होती. ऑस्ट्रियाच्या सीमेवरील सुरुंग आणि काटेरी तारा हंगेरीने १९५६च्या वसंतात काढायला घेतल्या होत्या आणि उठावाच्या काही आठवडे आधी ते काम पुरे झाले होते. दुसरे म्हणजे ऑस्ट्रिया स्वतः फक्त वर्षभरापूर्वी, ऑक्टोबर १९५५मध्ये, चार राष्ट्रांच्या सैनिकी ताब्यातून मोकळी झालेली होती. या दोहोंपैकी एक गोष्ट जरी दोन वर्षे पुढे ढकलली गेली असती तरी निर्वासितांचा हा इतिहास लिहायला उरला नसता.

नोव्हेंबरच्या गारठ्यात लोक दलदलीतून, शेतांतून आणि अंडाऊ गावाजवळच्या कालव्यावरील एका अरुंद लाकडी साकवावरून पलीकडे जात होते. एरवी शेतकऱ्यांच्या ये-जा करण्यापुरत्या असलेल्या त्या साकवावरून सुमारे ७०,००० माणसे गेली असे मानले जाते. २१ नोव्हेंबरला तो उडवून देण्यात आला. एकूण १,८०,००० लोक ऑस्ट्रियात आणि २०,००० युगोस्लाव्हियात पोचले. त्यांतील मोठा भाग तरुण होता. सगळेच काही लढवय्ये नव्हते. काही जण अटकेच्या भीतीने पळाले, काही चांगल्या मिळकतीच्या आशेने निघाले, काही ज्यू कुटुंबांना जुन्या द्वेषाची पुन्हा चाहूल लागली होती, आणि सीमा उघडी आहे एवढ्याच कारणाने गेलेलेही होते. गौरवाच्या भाषणांत हे सगळे 'स्वातंत्र्यसैनिक' होतात. माझ्या मते त्याची गरज नाही; आश्रयाचा हक्क शौर्याच्या दाखल्यावर अवलंबून ठेवला तर तो हक्क राहत नाही.

कायद्याला दिलेली वाट

५ नोव्हेंबरलाच ऑस्ट्रियाने संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाकडे मदत मागितली. त्या कार्यालयाचे प्रमुखपद जुलैमध्ये झालेल्या मृत्यूमुळे रिकामे होते आणि ऑगस्ट लिंट यांची निवड डिसेंबरमध्ये व्हायची होती. त्याहून मोठी अडचण कायद्याची होती. १९५१चा निर्वासितविषयक करार १ जानेवारी १९५१पूर्वीच्या घटनांमुळे देश सोडलेल्यांनाच लागू होता. कार्यालयाचे कायदेतज्ज्ञ पॉल वाइस यांनी असा युक्तिवाद मांडला की लोक १९५६मध्ये पळाले असले तरी त्यांच्या पळण्याचे मूळ कारण हंगेरीत चाळिशीच्या दशकाअखेरीस झालेल्या सत्तांतरात आहे, म्हणून ते कराराच्या कक्षेत येतात. शिवाय प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी न करता संपूर्ण समूहालाच प्रथमदर्शनी निर्वासित मानण्यात आले. करारातील ही कालमर्यादा शेवटी १९६७च्या पूरक कराराने गेली. हंगेरीच्या वेळी मात्र ती केवळ वाचनाच्या कौशल्याने ओलांडली गेली.

अमेरिकेतही असेच घडले. १९५२च्या कायद्यानुसार हंगेरीचा वार्षिक कोटा अवघा ८६५ होता. आयझेनहॉवर प्रशासनाने अपवादात्मक वैयक्तिक प्रकरणांसाठी असलेला तात्पुरत्या प्रवेशाचा अधिकार सरसकट वापरला. सुमारे ३८,००० लोक आले, त्यांतील बहुसंख्य न्यू जर्सीतील कॅम्प किल्मर या लष्करी तळावरून पुढे विखुरले, आणि १९५८मध्ये काँग्रेसने त्यांच्या कायम वास्तव्याची सोय केली. लोकमत तयार करण्यात करमणुकीच्या जगानेही हातभार लावला. जानेवारी १९५७मध्ये एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायक एल्विस प्रेस्लीच्या गाण्याच्या वेळी निर्वासितांसाठी मदतीचे आवाहन झाले, आणि बुडापेस्टने त्याची जाण ठेवून २०११मध्ये प्रेस्लीला मरणोत्तर मानद नागरिक केले. ऑस्ट्रियातून पहिल्या दहाएक आठवड्यांत लाखभर लोक पुढे गेले आणि एकूण ३७ देशांनी त्यांना घेतले. ब्रिटनने सुमारे २१,००० आणि कॅनडाने ३७,०००हून अधिक माणसे घेतली. औदार्य खरे होते. त्यामागे शीतयुद्धाचा प्रचार होता आणि भरभराटीच्या काळातली कामगारटंचाईही होती. तरुण, शिकलेले, युरोपीय आणि कम्युनिझमला पाठ दाखविलेले निर्वासित त्या काळात कोणालाही हवेसे होते.

शोप्रोन ते व्हँकूव्हर

परदेशातील योगदानाचा विचार करताना मला सर्वांत बोधक वाटते ते उदाहरण एका व्यक्तीचे नसून एका शिक्षणसंस्थेचे आहे. ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून असलेल्या शोप्रोन शहरात वनशास्त्राचे महाविद्यालय होते. त्याची मुळे आज स्लोव्हाकियात असलेल्या शेल्मेत्सबान्या या खाणगावातील जुन्या अकादमीत होती. पहिल्या महायुद्धानंतर सीमा बदलल्या तेव्हा ती संस्था एकदा विस्थापित होऊन शोप्रोनला आली होती. तिच्या गणवेशाला, गाण्यांना आणि विद्यार्थ्यांतील ज्येष्ठ-कनिष्ठ रीतिरिवाजांना त्या जुन्या गावाचा वारसा होता. आपली शाळा इमारतीत नसून माणसांत आहे ही समज तिथल्या लोकांना पुस्तकातून मिळवावी लागली नसावी.

शोप्रोनचे विद्यार्थी उठावात होते. ४ नोव्हेंबरला रणगाडे शहराकडे येऊ लागल्यावर विद्यार्थी, अध्यापक आणि काहींची कुटुंबे सीमेपलीकडे गेली. अधिष्ठाता कालमान रोलर त्यांच्याबरोबर होते. ऑस्ट्रियात पोचल्यावर त्यांनी घेतलेला निर्णय या प्रकरणाचा कणा आहे. प्रत्येकाने आपापली वाट शोधावी असे न म्हणता त्यांनी अनेक देशांकडे एकच विचारणा केली, ती अशी की आमच्या संपूर्ण शाळेला एकत्र घ्याल का. कॅनडाचे स्थलांतरमंत्री जॅक पिकर्सगिल तेव्हा व्हिएन्नाला आलेले होते आणि ब्रिटिश कोलंबिया हा त्या देशाचा जंगलसंपत्तीवर जगणारा प्रांत होता. व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने होकार दिला. सुमारे दोनशे विद्यार्थी आणि त्यांचे अध्यापक जानेवारी १९५७मध्ये कॅनडात पोचले. सुरुवातीचे काही महिने त्यांची सोय पॉवेल रिव्हर येथे तिथल्या कागद कंपनीच्या वसाहतीत झाली. तिथे ते इंग्रजी शिकले आणि नव्या देशाशी ओळख करून घेऊ लागले. त्या वर्षाच्या शरदापासून विद्यापीठात 'शोप्रोन विभाग' सुरू झाला.

विद्यापीठाने मान्य केलेल्या अटी नीट पाहण्यासारख्या आहेत. आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच अध्यापकांनी, सुरुवातीला त्यांच्याच भाषेत शिकवावे, इंग्रजीकडे हळूहळू वळावे, आणि शेवटचा विद्यार्थी पदवीधर होईपर्यंत विभाग चालू राहावा असे ठरले. शेवटची तुकडी १९६१मध्ये बाहेर पडली आणि विभाग बंद झाला. तो कायम राहावा असा हेतू मुळात कोणाचाच नव्हता, म्हणून त्याच्या बंद होण्याला अपयश म्हणता येत नाही. यजमान विद्यापीठाला आपल्याच आवारात, आपल्याच पदवीच्या नावाखाली, परक्या भाषेत परक्या अध्यापकांनी शिकवलेले चालवून घ्यावे लागले. कुठल्याही विद्यापीठाच्या विद्वत्सभेचा अनुभव असलेल्या वाचकाला हे किती दुर्मीळ आहे ते सांगायला नको.

सगळे सुरळीत झाले असे नाही. मध्य युरोपातील लावलेल्या, मोजलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या जंगलांचे शास्त्र शिकलेल्या या मुलांना प्रशांत किनाऱ्यावरील अफाट नैसर्गिक वने आणि तिथली यांत्रिक लाकूडतोड सर्वस्वी नवी होती. झाडांच्या जाती वेगळ्या, मोजमापाची एकके वेगळी, आणि उन्हाळ्यात पोटासाठी मिळेल ते काम करण्याची सक्ती. काहींनी वाटेतच शिक्षण सोडले, काही दुसऱ्या व्यवसायांत गेले. उरलेले पदवीधर मात्र कॅनडाच्या वनखात्यांत, लाकूड उद्योगात, संशोधनसंस्थांत आणि विद्यापीठांत पोचले. अध्यापकांपैकी ऑस्कर सिक्लाई यांनी व्हँकूव्हरमध्येच वनवृक्षांच्या आनुवंशिकीचे संशोधन वाढविले. तोडलेल्या जागी पुन्हा लावायचे रोप कोणत्या बियाण्याचे असावे हा प्रश्न जुन्या देशातील वनसंवर्धनाच्या शिस्तीतून आलेल्या माणसाला स्वाभाविकच महत्त्वाचा वाटणार होता, आणि नव्या देशात तो प्रश्न तेव्हा नुकता विचारला जाऊ लागला होता.

मागे शोप्रोनमध्ये महाविद्यालय बंद पडले नाही. राहिलेल्या अध्यापकांनी ते चालू ठेवले आणि आज ते विद्यापीठ आहे. गेलेल्यांचा गौरव करताना राहिलेल्यांनी संशयाच्या वातावरणात केलेले काम झाकले जाते, ते तसे होऊ नये.

नामवंतांची यादी

निर्वासितांच्या योगदानाचा विषय निघाला की ठरावीक नावे येतात, आणि ती खरोखर मोठी आहेत. बुडापेस्टच्या ज्यू कुटुंबात जन्मलेले, नाझी काळातून लपून वाचलेले आंद्राश ग्रोफ विसाव्या वर्षी सीमा ओलांडून कॅम्प किल्मरमार्गे न्यूयॉर्कला पोचले आणि अँडी ग्रोव्ह या नावाने इंटेल कंपनीचे प्रमुख झाले. रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओला उठावानंतर आधी कॅनडात आणि मग अमेरिकेत गेले व त्यांना १९९४चे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात मोलाची भर घालणारे इम्रे लाकातोश केंब्रिज आणि लंडन येथे स्थिरावले. लास्लो कोवाच आणि विल्मोश झिगमोंद या दोन तरुण छायालेखकांनी उठावाचे चित्रीकरण करून त्या फिती सीमेपलीकडे नेल्या आणि पुढे दोघांनीही हॉलिवूडमध्ये नाव मिळविले. डिसेंबर १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरीने सोव्हिएत संघाला वॉटर पोलोत ४-० असे हरविले. त्या सामन्यात डोळ्याखाली जखम होऊन रक्तबंबाळ झालेला एर्विन झादोर मायदेशी परतला नाही आणि कॅलिफोर्नियात पोहण्याचा प्रशिक्षक झाला.

पण ही यादी जवळून पाहिली तरी शोप्रोनचाच मुद्दा पुन्हा समोर येतो. ग्रोव्ह ज्या सिटी कॉलेजात रासायनिक अभियांत्रिकी शिकले तिथे त्या काळी शिक्षणशुल्क नव्हते. इंग्रजी अजून अडखळत बोलणाऱ्या आणि खिशात पैसे नसलेल्या मुलाला सार्वजनिक महाविद्यालयाचे दार उघडे होते. निर्वासित वादकांनी १९५७मध्ये व्हिएन्नाजवळ उभारलेला 'फिलहार्मोनिया हुंगारिका' हा वाद्यवृंद पुढे पश्चिम जर्मनीतील मार्ल या गावी सार्वजनिक पैशावर स्थिरावला, आंताल दोराती यांच्या दिग्दर्शनाखाली त्याने हायडनच्या सर्व सिंफनींचे ध्वनिमुद्रण केले, आणि अनुदान थांबल्यावर २००१मध्ये तो बंद झाला. जिथे प्रमाणपत्र मानले गेले नाही तिथे डॉक्टर, वकील आणि शिक्षक कारखान्यांत व घरकामांत गेले. त्यांची नावे कोणत्याही ठरावात येत नाहीत, आणि त्यांनी यजमान देशाला काय दिले असते याचा हिशेब कोणी मांडत नाही.

दिल्लीचा अवघडलेपणा

या प्रकरणात भारताची भूमिका अभिमानाने सांगावी अशी नाही, आणि पूर्णपणे लाजिरवाणीही नाही. ९ नोव्हेंबर १९५६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सोव्हिएत माघारीची आणि संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुकांची मागणी करणारा ठराव आला, तेव्हा कृष्ण मेनन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळाने विरोधी मत दिले. सुएझच्या प्रश्नावर साम्राज्यवादाविरुद्ध तडफेने बोलणारा देश बुडापेस्टविषयी चाचरतो, ही टीका जयप्रकाश नारायण यांनी उघडपणे केली. नंतर नेहरूंनी हा उठाव राष्ट्रीय स्वरूपाचा असल्याचे संसदेत मान्य केले. बुडापेस्टमधील भारतीय प्रभारी राजदूत रहमान यांच्यामार्फत मात्र एक शांत प्रयत्न चालू होता. नॉज सरकारातील मंत्री इश्तवान बिबो आणि लेखक आर्पाद गोंत्स यांच्या वर्तुळातील तडजोडीचा मसुदा त्याच वाटेने दिल्लीकडे गेला. गोंत्स यांना १९५८मध्ये जन्मठेप झाली. फाशी टळली ती भारताच्या रदबदलीमुळे, अशी समजूत हंगेरीत रूढ आहे. १९६३च्या माफीत ते सुटले आणि १९९०मध्ये मुक्त हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष झाले.

गौरव आणि त्याचे राजकारण

उठाव मोडल्यावर सोव्हिएत पाठबळाने सत्तेवर आलेल्या यानोश कादार यांच्या राजवटीने उठावाला तीन दशके 'प्रतिक्रांती' म्हटले. दोनशेहून अधिक जणांना फाशी झाली, हजारो तुरुंगात गेले. इम्रे नॉज आणि पाल मालेतेर यांना १६ जून १९५८ रोजी फाशी देऊन पुढे बुडापेस्टच्या दफनभूमीतील ३०१ क्रमांकाच्या भागात नावाविना पुरले गेले. या काळात २३ ऑक्टोबर पाळला गेला तो टोरांटो, न्यूयॉर्क, म्युनिक अशा शहरांतील निर्वासितांच्या मंडळांतून. देशात ज्याचा उच्चार करता येत नव्हता ती स्मृती परदेशात जपणे, हेही त्यांचे योगदानच. फक्त ते यजमानांना नव्हे, मागे राहिलेल्या देशाला होते. १६ जून १९८९ रोजी हुतात्म्यांच्या सन्मानपूर्वक दफनाच्या वेळी पाच नावांच्या शवपेट्यांबरोबर सहावी रिकामी पेटी अनामिक मृतांसाठी ठेवण्यात आली. तीन आठवड्यांनी, ६ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने नॉज यांना निर्दोष ठरविले आणि त्याच दिवशी कादार वारले. २३ ऑक्टोबरला प्रजासत्ताकाची घोषणा झाली.

त्यानंतरचा गौरव मात्र एकमुखी राहिला नाही. २००६मध्ये पन्नासाव्या वर्षदिनी सरकारविरोधी निदर्शकांवर पोलिसांनी रबरी गोळ्या चालविल्या. १९८९च्या समारंभात सोव्हिएत सैन्याच्या माघारीची मागणी करून प्रकाशात आलेले तरुण वक्ते व्हिक्टर ओर्बान पुढे पंतप्रधान झाले. त्यांच्या कारकिर्दीत, डिसेंबर २०१८मध्ये, संसदेजवळचा नॉज यांचा पुतळा हलवून दुसऱ्या चौकात नेण्यात आला, कारण मरेपर्यंत कम्युनिस्ट राहिलेला नायक नव्या राष्ट्रवादी कथेत बसत नव्हता.

२०१५मध्ये सीरिया, अफगाणिस्तान आणि इतर देशांतून आलेले निर्वासित हंगेरीच्या दक्षिण सीमेवर पोचले आणि सरकारने तिथे कुंपण उभारले, तेव्हा १९५६चा दाखला दोन्ही बाजूंनी दिला गेला. हंगेरियन निर्वासित लगतच्या पहिल्या सुरक्षित देशात गेले आणि तिथल्या छावण्यांत शिस्तीने थांबले, हे तर अनेक देश ओलांडून येत आहेत, असा सरकारी पक्षाचा युक्तिवाद होता. तो सपशेल खोटा नाही, पण अर्धा आहे. १९५६मध्येही माणसे रात्रीच्या अंधारात, परवान्याशिवाय आणि पुष्कळदा वाटाड्यांना पैसे देऊन सीमा ओलांडत होती. ऑस्ट्रियात पोचलेल्या १,८०,०००पैकी तिथे कायमचे राहिलेले थोडेच होते. बाकीच्यांना त्या पहिल्या सुरक्षित देशातून उचलून इतर देशांनी आगगाड्या, जहाजे आणि विमाने पाठवून नेले, आणि शोप्रोनच्या विद्यार्थ्यांची वनशाळा व्हँकूव्हरला पोचली ती त्याच वाहतुकीत.